विश्लेषण : समुद्रातला रेग्युलेटर नदीत चालेल का? स्कूबासाठी श्वासयंत्र निवडताना काय पाहावे?

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे राज्यभर ओळखले जाते. फाल्गुन अमावास्येला, बलिदान दिनी येथे मोठी गर्दी लोटते. जवळच तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम आहे. म्हणजे समुद्र दूर, पण पाणी मात्र उंबऱ्याशी. अलीकडे या पट्ट्यातील अनेक तरुण मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेतात. काही जण पुढचे प्रशिक्षणही घेतात. मग स्वतःचे साहित्य घ्यावे असे वाटू लागते आणि पाठोपाठ दुसरा विचार येतो : नदीत कोणी बुडाले, तर हेच साहित्य गावाच्या उपयोगी पडेल का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ज्या एका वस्तूभोवती फिरते, ती म्हणजे रेग्युलेटर.

रेग्युलेटर नेमके काय करतो?

लहानपणी नदीत डुंबताना पपईच्या पानाच्या पोकळ देठातून श्वास घेण्याचा खेळ अनेकांनी केलेला असतो. तोंड पाण्याखाली वीतभर असेपर्यंत तो जमतो. त्याहून खाली गेले की छाती फुलतच नाही. कारण नळीतून येणारी हवा पृष्ठभागावरच्या दाबाची असते आणि छातीवर मात्र पाण्याचा दाब पडलेला असतो. दर दहा मीटर खोलीला हा दाब साधारण एक बारने वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो, तर वीस मीटरवर तिप्पट.

म्हणून पाणबुड्याला प्रत्येक खोलीवर, तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा लागते. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास दाब असतो, यावरून सिलिंडरच्या दाबाचा अंदाज यावा. हा दाब थेट फुप्फुसात गेला तर जीव जाईल. तो उतरवण्याचे काम रेग्युलेटर करतो.

हे काम दोन टप्प्यांत होते. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा भाग म्हणजे ‘फर्स्ट स्टेज’. तो २०० बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण नऊ-दहा बार जास्त इतका आणतो. तेथून नळीने हवा तोंडात धरायच्या भागाकडे, म्हणजे ‘सेकंड स्टेज’कडे येते. श्वास ओढला की त्यातला पातळ पडदा आत ओढला जातो, झडप उघडते आणि हवा मिळते. श्वास थांबला की झडप बंद होते. घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटरही दाब उतरवतो, पण शेगडी चालू असेपर्यंत गॅस वाहतच राहतो. स्कूबाचा रेग्युलेटर मात्र मागितली तेव्हाच आणि मागितली तेवढीच हवा देतो.

पहिली चाचणी समुद्रात नव्हे, नदीत?

मागणीप्रमाणे हवा देणाऱ्या यंत्राची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये बेन्वा रुकेरोल यांनी १८६० मध्ये खाणकामगारांसाठी असे यंत्र तयार केले आणि पुढे ऑग्युस्त दनेरूझ यांच्यासह ते पाण्याखालच्या कामासाठी वापरात आणले. आजच्या रेग्युलेटरचा थेट पूर्वज मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवण्यासाठी अभियंते एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. फ्रेंच नौदल अधिकारी जाक कूस्तो यांच्यासह त्यांनी तीच पाण्याखाली श्वास घेण्यासाठी बदलून घेतली.

१९४३ च्या सुरुवातीला या यंत्राची चाचणी पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली. शरीर आडवे असताना श्वास नीट चालत होता. उभे राहिल्यावर मात्र हवा भसाभस बाहेर पडून वाया जाई आणि डोके खाली केल्यावर श्वास घेणे अवघड होई. हवा आत येण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा यांच्या उंचीतला काही इंचांचा फरक हे त्याचे कारण निघाले. दोन्ही जागा एकाच पातळीवर आणल्यावर प्रश्न सुटला. पाण्याच्या दाबातला वीतभर फरकही श्वासावर परिणाम करतो, हा त्या नदीकाठच्या चाचणीचा धडा. आजही रेग्युलेटरची सारी रचना याच तत्त्वावर उभी आहे.

पिस्टन की डायफ्राम?

खरेदी करणाऱ्यापुढचा हा पहिला प्रश्न. दोन्हींचे काम एकच : पाण्याचा दाब ओळखून तेवढी हवा सोडणे. फरक आहे तो पाणी यंत्रात कुठपर्यंत शिरते याचा.

पिस्टन प्रकारात स्प्रिंग आणि एक दट्ट्या असतो. स्प्रिंगच्या कप्प्यात बाहेरचे पाणी थेट येते आणि दट्ट्यावर दाब टाकते. हलणारे भाग थोडे असतात, रचना सुटसुटीत असते आणि दुरुस्ती सोपी असते. चांगल्या पिस्टन रेग्युलेटरमधून हवा भरपूर मिळते. पण त्या कप्प्यात पाण्याबरोबर मीठ, वाळू आणि गाळही येतो. तो साचला की दट्ट्याची हालचाल अडखळू लागते.

डायफ्राम प्रकारात पाणी आणि आतली यंत्रणा यांच्यामध्ये रबरी पडदा असतो. पाणी पडद्यावर दाब टाकते, पण मुख्य झडपेपर्यंत पोहोचत नाही. काही मॉडेलमध्ये बाहेर आणखी एक पडदा बसवून स्प्रिंगचा कप्पाही पूर्ण बंद केलेला असतो. याला ‘एन्व्हायर्नमेंटली सील्ड’, म्हणजे बाहेरच्या पाण्यापासून सीलबंद रचना म्हणतात. गढूळ, गाळाच्या किंवा अतिथंड पाण्यासाठी हा प्रकार सुरक्षित मानला जातो. तोटा एवढाच की सुटे भाग जास्त असतात, त्यामुळे सर्व्हिसिंगला वेळ आणि पैसा थोडा जास्त लागतो. काही कंपन्या सीलबंद पिस्टनही बनवतात, पण खरेदीपूर्वी तसे स्पष्ट विचारून घ्यावे लागते.

बाजारातली उदाहरणे घ्यायची तर स्कूबाप्रोचा ‘एमके २’ हा साधा पिस्टन, ‘एमके २५’ हा बॅलन्स्ड पिस्टन, तर एपेक्सचा ‘एक्सटीएक्स ५०’ हा सीलबंद बॅलन्स्ड डायफ्राम प्रकारातला आहे. नावापेक्षा प्रकार लक्षात ठेवणे महत्त्वाचे. मॉडेल बदलत राहतात, प्रकार बदलत नाहीत.

‘बॅलन्स्ड’ म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

साध्या, म्हणजे ‘अनबॅलन्स्ड’ रेग्युलेटरमध्ये सिलिंडरमधला दाब झडपेवर थेट काम करतो. सिलिंडर भरलेला असताना हवा सहज येते. तो रिकामा होत आला की श्वास ओढायला थोडा जोर लागू लागतो. बॅलन्स्ड रेग्युलेटरमध्ये झडपेच्या दोन्ही बाजूंना दाब समतोल राहील अशी रचना असते. त्यामुळे सिलिंडर २०० बारवर असो वा ५० बारवर, श्वास सारखाच लागतो.

हा फरक खोलीवर जास्त जाणवतो. तीस मीटरवर एकूण दाब चार बार असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात हवा चौपट दाट असते. एक हिशेब पाहू. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २,४०० लिटर हवा मावते. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला दहा मीटरवर ४० लिटर लागेल, म्हणजे कागदावर तासभर पुरेल. तीस मीटरवर ८० लिटर लागेल, म्हणजे कागदावर अर्धाच तास. त्यातले ५० बार राखीव सोडायचे असतात. शिवाय घाबरलेला माणूस याहून कितीतरी वेगाने हवा ओढतो. अशा वेळी खोलीवर दोघे एकाच सिलिंडरवर श्वास घेत असतील, तर रेग्युलेटरला भरपूर हवा द्यावी लागते. बॅलन्स्ड रेग्युलेटरचे जास्तीचे पैसे त्या क्षणासाठी असतात.

उलट, सहा-आठ मीटरवर प्रशिक्षकाचा हात धरून मासे पाहायचे असतील, तर नीट सर्व्हिसिंग केलेला साधा पिस्टनही पुरेसा असतो. अनेक प्रशिक्षण केंद्रे तोच वापरतात. तो दणकट असतो, स्वस्त असतो आणि बिघडला तरी लवकर दुरुस्त होतो.

यॉक की डिन?

रेग्युलेटर सिलिंडरला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. यॉक पद्धतीत एक कडी सिलिंडरच्या तोंडावरून घालून मागून स्क्रूने आवळली जाते. ही पद्धत २३२ बारपर्यंतच्या दाबासाठी असते. डिन पद्धतीत रेग्युलेटर सिलिंडरच्या आट्यांमध्ये फिरवून बसवतात. त्यात ओ-रिंग आत बंदिस्त राहते, त्यामुळे धक्का लागून ती निसटण्याची शक्यता कमी असते. डिनमध्ये ३०० बारपर्यंतचा प्रकारही मिळतो.

यात चांगले-वाईट ठरवण्याआधी साधी गोष्ट पाहावी. ज्या केंद्रातून सिलिंडर भाड्याने घेणार, त्याचे तोंड कोणते आहे? महागडा डिन रेग्युलेटर घेऊन किनाऱ्यावर पोहोचलेल्या माणसाला समोर यॉकचा सिलिंडर मिळाला आणि अडॅप्टर घरी राहिला असेल, तर त्याचा दिवस वाया जातो.

सिलिंडर स्वतःचा घ्यायचा असेल तर आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. देशात उच्च दाबाचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम २०१६ च्या कक्षेत येतात आणि नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था त्यावर देखरेख ठेवते. ठरावीक मुदतीने सिलिंडरची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. चाचणीची तारीख उलटून गेलेला सिलिंडर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

तोंडात धरायच्या भागात काय पाहावे?

माउथपीस तोंडात नीट बसतो का, हे पहिले. तो मोठा असेल तर अर्ध्या तासात जबडा दुखू लागतो. माउथपीस वेगळा विकत मिळतो आणि बदलता येतो, त्यामुळे केवळ त्यावरून रेग्युलेटर नाकारू नये.

काही सेकंड स्टेजवर दोन नियंत्रणे असतात. एका गोल बटणाने श्वास ओढायला किती जोर लागावा हे कमी-जास्त करता येते. दुसऱ्या छोट्या खिटीने पाण्याबाहेर असताना हवा आपोआप वाहू लागणे, म्हणजे ‘फ्री फ्लो’, रोखता येतो. नवशिक्याला दोन्ही नसली तरी चालते. ‘पर्ज’ बटण मात्र प्रत्येक सेकंड स्टेजवर असतेच. ते दाबले की हवेच्या झोताने आत शिरलेले पाणी बाहेर फेकले जाते. हातमोजे घालूनही ते सहज दाबता आले पाहिजे.

दुसरी सेकंड स्टेज, म्हणजे ‘ऑक्टोपस’, सोबत असलीच पाहिजे. जोडीदाराची हवा संपली तर ती त्याच्यासाठी असते. ती बहुधा पिवळ्या रंगाची आणि लांब नळीची असते, म्हणजे घाईत चटकन दिसते. पैसे वाचवण्यासाठी ऑक्टोपस सर्वात हलक्या दर्जाचा घेतला जातो. पण तो वापरण्याची वेळ येते तेव्हा तो घाबरलेल्या माणसाच्या तोंडात असतो, हे विसरून चालत नाही.

तारकर्लीच्या समुद्रासाठी कोणता?

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात अनेक केंद्रे पर्यटकांना स्कूबाचा अनुभव देतात. येथील समुद्राचे पाणी वर्षभर उबदार असते आणि पावसाळ्यात हे उपक्रम बंद असतात.

पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार पहिल्याच अनुभवासाठी उतरणाऱ्याला १२ मीटरपर्यंत आणि ‘ओपन वॉटर’ हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येते. एवढ्या खोलीसाठी आणि उबदार पाण्यासाठी बॅलन्स्ड पिस्टन किंवा साधा बॅलन्स्ड डायफ्राम, कोणताही चालतो. अतिथंड पाण्यासाठीच्या खास रचनेवर पैसे घालण्याची गरज नसते.

वर्षातून एक-दोनदाच मालवणला जाणाऱ्याने तर स्वतःचा रेग्युलेटर घेण्याआधी दोनदा विचार करावा. आधी चांगला बसणारा मास्क घ्यावा, मग फिन्स. रेग्युलेटर वापराविना कपाटात पडून राहिला की त्यातले रबर कडक होते. भाड्याचा, पण नियमित सर्व्हिसिंग होणारा रेग्युलेटर अशा वेळी अधिक भरवशाचा ठरतो.

तोच रेग्युलेटर भीमा-इंद्रायणीत चालेल का?

हवा देण्यापुरते बोलायचे तर चालेल. नदी आहे की समुद्र, याने रेग्युलेटरच्या तत्त्वात फरक पडत नाही. पण नदीचे पाणी तीन बाबतींत वेगळे आहे.

पहिली बाब गाळ. नदीच्या डोहात, बंधाऱ्यांच्या मागे आणि वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांत तळाशी पाय टेकला तरी गाळ उसळतो. उघड्या पिस्टनच्या कप्प्यात तो शिरतो. सेकंड स्टेजच्या उच्छ्वासाच्या झडपेखाली वाळूचा एक कण अडकला, तरी ती पूर्ण बंद होत नाही आणि प्रत्येक श्वासाबरोबर पाणी तोंडात येते. त्यामुळे नदीसाठी सीलबंद डायफ्राम अधिक योग्य ठरतो. लोंबकळणारा ऑक्टोपसही छातीशी क्लिपने अडकवलेलाच हवा, नाहीतर तो गाळातून फरफटत येतो.

दुसरी बाब प्रदूषण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात होते. त्यात भीमा आणि इंद्रायणीही आहेत. इंद्रायणी पिंपरी-चिंचवडच्या बाजूचे सांडपाणी घेऊन तुळापूरला येते. पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठाही भीमेला मिळते. अशा पाण्यात साधा रेग्युलेटर तोंडात धरला, की ओठ उघडे राहतात आणि उच्छ्वासाच्या झडपेतून सूक्ष्म थेंब आत येतात. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार दूषित पाण्यातून, त्वचेवरच्या जखमांतून आणि डोळे-नाक-तोंडावाटे होतात. म्हणून दूषित पाण्यात काम करणारी पथके पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि पाणी आत न येऊ देणारा सूट वापरतात. त्या मास्कमध्ये रेग्युलेटर चेहऱ्याच्या आवरणातच बसवलेला असतो. कितीही महागडा असला तरी नेहमीचा रेग्युलेटर हे संरक्षण देत नाही.

तिसरी बाब उंचीची. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. रेग्युलेटर भोवतालचा दाब स्वतःच ओळखत असल्याने त्याला याची अडचण नाही. पण तीनशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरचे डायव्हिंग ‘उंचीवरचे’ मानले जाते आणि किती वेळ किती खोलीवर राहायचे याची समुद्रासाठीची कोष्टके तेथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. मालवणला शिकलेला हिशेब भीमेच्या डोहात तसाच वापरता येत नाही, तो असा.

मग बचावकार्यासाठी गावाने स्कूबा संच घ्यावा का?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, म्हणजे एनडीआरएफचे, जवान उतरले. या दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातच सुदुंबरे येथे आहे.

उजनीच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी, २३ मे २०२४ रोजी, अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन प्रशिक्षित जवानांचा मृत्यू झाला. नदीचे पाणी तयारीच्या माणसालाही सोडत नाही, हे या घटनेने पुन्हा दाखवले.

गावातले पट्टीचे पोहणारे बोलावणे येताच धावतात, हे खरे. त्यांचे धाडस मोलाचे असते. पण समुद्रात स्वच्छ पाण्यात प्रशिक्षकासोबत घेतलेला स्कूबाचा अनुभव आणि गढूळ, प्रवाही नदीत एकट्याने शोध घेणे यांत फार मोठे अंतर आहे. नदीत हातभर अंतरावरचे दिसत नाही. बुडालेली झाडे, मासेमारीची जाळी, तारा आणि जलपर्णीची मुळे यांत नळ्या अडकतात. अशा वेळी हवा शिल्लक असूनही माणूस वर येऊ शकत नाही.

म्हणूनच शोधपथकातला पाणबुड्या एकटा उतरत नाही. त्याला वरून दोर बांधलेला असतो, दोराच्या ठरावीक हिसक्यांनी किंवा संपर्क यंत्रणेने वरच्या माणसाशी बोलणे चालू असते आणि मदतीसाठी दुसरा पाणबुड्या पूर्ण तयारीत काठावर बसलेला असतो. अनेकदा हवा सिलिंडरऐवजी वरून लांब नळीने पुरवली जाते, म्हणजे ती मध्येच संपण्याची भीती राहत नाही. ही सारी व्यवस्था नसताना नुसता रेग्युलेटर हाती आला, तर तो बुडणाऱ्यांची संख्या एकाने वाढवू शकतो.

बुडणाऱ्याचा जीव वाचण्याची वेळ काही मिनिटांची असते. संच जोडून, तपासून, अंगावर चढवून पाण्यात उतरेपर्यंत ती बहुधा निघून गेलेली असते. नदीकाठच्या गावाने पैसे खर्च करायचेच असतील, तर लाइफ जॅकेट, फेकता येणारी दोरीची पिशवी, रबरी रिंग, लांब बांबू आणि घाटावर धोक्याचे फलक यांवर ते आधी जावेत. छाती दाबून श्वास आणि हृदय पुन्हा चालू करण्याचे, म्हणजे सीपीआरचे प्रशिक्षण गावातल्या दहा जणांना मिळाले, तर त्याचा उपयोग कोणत्याही रेग्युलेटरपेक्षा जास्त होतो.

खरेदी करताना शिक्का कोणता पाहावा?

युरोपातील ‘ईएन २५०’ हे मानक जगभर ग्राह्य धरले जाते. त्यात ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून श्वास घ्यायला किती श्रम पडतात हे मोजले जाते. मर्यादेपेक्षा जास्त श्रम पडले तर रेग्युलेटर नापास होतो. ‘ईएन २५०ए’ असा शिक्का असेल तर एकाच संचावर आणीबाणीत दोघांनी श्वास घेण्याची चाचणीही झालेली असते. दहा अंश सेल्सिअसपेक्षा अधिक, अशी खूण असेल तर तो रेग्युलेटर थंड पाण्यासाठी तपासलेला नाही. महाराष्ट्रातल्या पाण्यात त्याने अडत नाही. पण हिवाळ्यात परदेशातल्या तलावात उतरण्याचा विचार असेल, तर असा रेग्युलेटर चालणार नाही. दाब झपाट्याने उतरताना हवा आणखी थंड होते, आत बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि सगळी हवा वाहून जाते.

देखभाल किती महत्त्वाची?

प्रकाराइतकीच, किंबहुना अधिक. प्रत्येक वापरानंतर, समुद्र असो वा नदी, रेग्युलेटर स्वच्छ गोड्या पाण्यात भिजवून धुवावा. त्याआधी फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचे झाकण कोरडे करून घट्ट लावावे. संच सिलिंडरला जोडलेला नसेल तर धुताना पर्ज बटण दाबू नये, कारण त्याने झडप उघडून पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जाते. वाळवताना उन्हात टांगू नये आणि नळ्यांना घडी पडू देऊ नये.

सर्व्हिसिंगची मुदत प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बहुधा वर्षातून एकदा तपासणी आणि ठरावीक काळाने ओ-रिंग व झडपांच्या गाद्या बदलणे अपेक्षित असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नसावा. या मॉडेलचे सर्व्हिस किट भारतात मिळते का आणि कंपनीचा प्रशिक्षित तंत्रज्ञ जवळ कुठे आहे, हे आधी विचारावे. परदेशातून स्वस्तात आणलेला, पण सुटे भाग न मिळणारा रेग्युलेटर दोन वर्षांत शोभेची वस्तू बनतो. जुना रेग्युलेटर घेताना शेवटच्या सर्व्हिसिंगची नोंद मागावी. नोंद नसेल, तर पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

पाण्यात उतरण्यापूर्वी काय तपासावे?

भाड्याचा रेग्युलेटर असला तरी ही तपासणी प्रत्येकाने स्वतः करायची असते. सिलिंडर बंद असताना माउथपीसमधून श्वास ओढून पाहावा. हवा येऊ लागली तर कुठेतरी गळती आहे. मग सिलिंडर सावकाश पूर्ण उघडावा आणि हवा सुटण्याचा आवाज येतो का ते ऐकावे. दाबमापकाच्या काट्याकडे पाहत चार-पाच श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन वर येत असेल, तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही. ऑक्टोपसमधूनही दोन श्वास घेऊन पाहावेत. माउथपीसला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी तुटलेली नाही ना, नळ्यांना चिरा नाहीत ना, हे बोटाने चाचपावे. यातले काहीही खटकले तर प्रशिक्षकाला सांगून संच बदलून घ्यावा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

थोडक्यात, कधीतरी मालवणला जाणाऱ्याने भाड्याचा, पण तपासलेला रेग्युलेटर वापरावा. नियमित समुद्रात उतरणाऱ्याने सर्व्हिसिंग जवळ मिळेल असा बॅलन्स्ड रेग्युलेटर घ्यावा. गाळाच्या पाण्यात प्रशिक्षणासह काम करणाऱ्यांसाठी सीलबंद डायफ्राम आणि पूर्ण चेहऱ्याचा मास्क. आणि संगमावर कोणी बुडताना दिसले, तर काठावरून दोरी फेकावी, ११२ वर फोन करावा आणि पाण्याखालचे काम त्यासाठी तयार असलेल्या पथकावर सोपवावे.